पोळा फुटला आणि मनगटातून रक्त आलं: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी असताना हे घडलं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, अंतरं आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. उपचारांचा क्रम आणि माझी चूक जशीच्या तशी ठेवली आहे.

रुग्ण साठीच्या आतबाहेरचे कोरडवाहू शेतकरी. सात एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, दावणीला एक बैलजोडी. मी त्यांना काका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. श्रावण संपता संपता त्यांच्या छातीत दुखू लागलं. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून त्यांना नागपूरला पाठवलं गेलं, आणि तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी होऊन (हृदयाच्या नसेतला अडथळा आतून फुग्याने उघडून) एक स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, बसला. हृदयाच्या दुसऱ्या एका नसेतही अडथळा होता, तो दीड-दोन महिन्यांनी सोडवू असं ठरलं. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, रोज ॲस्पिरिन आणि सकाळ-संध्याकाळ टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम, सुरू झाल्या.

अँजिओप्लास्टी झाली तो दिवस खांदशेकणीचा. दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळी सुट्टी मिळाल्याबरोबर बाप-लेक काळीपिवळी, एसटी आणि पुन्हा काळीपिवळी करत दुपारी घरी पोहोचले. पोळ्याला घरधनी घरी नाही, हे काकांना स्टेंटपेक्षा जड गेलं असतं.

मनगटातून का करतात, हे इथे थोडं सांगायला हवं. पूर्वी हृदयाची नळी जांघेतून घालत. १९८९ मध्ये माँट्रियलच्या ल्युसियन कांपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी (हृदयाच्या नसांची तपासणी) केल्याचे अनुभव मांडले, १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनेय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली, आणि हळूहळू जगभर मनगट हीच पहिली पसंती झाली. कारण साधं आहे. जांघेतली नस खोल असते, तिथून पोटात रक्त साचत गेलं तरी बाहेरून दिसत नाही. मनगटात अंगठ्याकडची नस चामडीखाली, हाडावर टेकलेली असते, त्यामुळे बोटाने दाबली की रक्त थांबतं. शिवाय करंगळीकडून दुसरी नस हाताला रक्त पुरवते, म्हणून एक बंद पडली तरी पंजा बहुधा वाचतो.

पण या सोयीतच एक फसगत आहे. जांघेतून केलेला माणूस पाय हलवायला भितो. मनगटवाला त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने चहा पितो, आणि आपल्या नसेला भोक पाडलंय हे दुसऱ्या दिवशी विसरतो.

काय घडलं

काकांच्या सुट्टीच्या कागदावर हाताबद्दल एकच ओळ होती, तीही इंग्रजीत: जड वजन उचलू नये. ती मुलाने वाचून दाखवली आणि काकांनी ती पाळलीही. त्यांनी गुंडभर पाणीही उचललं नाही. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे करायला मात्र ते गेले. एक बैल मुलाकडे, एक त्यांच्याकडे. कासरा सवयीप्रमाणे उजव्या पंज्याला दोन वेढे देऊन धरलेला. पोळा फुटला, डफडी वाजली, कोणीतरी फटाका लावला आणि बैलाने हिसका दिला.

नंतर ते मला म्हणाले, “वजन कायचं उचललं जी मी? कासराच त धरला होता.”

त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

बाही भिजली तेव्हा लक्षात आलं. कोणीतरी मूठभर हळद दाबली. रक्त थांबेना म्हणून मनगटाच्या चार बोटं वर दुपट्टा बांधून काडी घालून पिळला. मोटारसायकलवर मधे बसवून केंद्रात आणेपर्यंत पाऊण तास गेला. आले तेव्हा पंजा जांभळा पडलेला, बोटं गार, हळदीच्या लगद्यातून रक्त झिरपत होतं आणि मनगटाच्या वर सुमारे चार सेंटिमीटरची टणक सूज होती. दुसऱ्या हातावर रक्तदाब १६८/९६. काका शुद्धीवर, घामेजलेले, पण छातीत दुखत नव्हतं. ईसीजी नागपूरच्या कागदांशी जुळता होता.

पहिला निर्णय: कुठे दाबायचं

दुपट्टा तसाच ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवावी, असं सिस्टर म्हणाल्या. त्यात तथ्य होतं, कारण सोडला तर रक्त उसळणार. पण असा पिळलेला फडका नसेसोबत सगळ्या हाताचंच रक्त तोडतो. त्याहून वाईट म्हणजे तो थोडा सैल असला तर रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात आणि रक्त आणणारी नस चालूच राहते. रक्त आत येतं, परत जात नाही, म्हणून भोकातून आणखी जोराने येतं. काकांच्या बाबतीत बहुधा हेच झालं होतं.

आम्ही हात छातीच्या उंचीवर उशीवर ठेवला, हळद सलाइनने धुतली, भोक दिसलं तशी मी दोन बोटं ठेवली आणि मगच दुपट्टा कापला.

बोटं नेमकी कुठे ठेवायची याला महत्त्व आहे. नळी नसेत तिरपी जाते, त्यामुळे चामडीवरचं भोक आणि नसेचं भोक एकाखाली एक नसतात. नसेचं भोक थोडं वर, कोपराच्या बाजूला असतं. फक्त चामडीचं भोक झाकलं तर बाहेरचं रक्त थांबतं आणि आत साचत राहतं. म्हणून एक बोट भोकावर आणि दुसरं त्याला लागून वरच्या अंगाला ठेवलं. वीस मिनिटं घड्याळ लावून, मधे उचलून न बघता दाबलं. मिनिटा-मिनिटाला बोट उचलून “थांबलं का” बघण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि दर वेळी जेमतेम धरलेली गुठळी निघून येते.

वीस मिनिटांनी रक्त थांबलं. इथपर्यंत ठीक झालं.

दुसरा निर्णय, जो चुकला

आता हे थांबलेलं टिकवायचं कसं? कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, यासाठी हवेचा पारदर्शक पट्टा असतो. त्यातला फुगा नेमका नसेवर दाब देतो, बाकी मनगट मोकळं राहतं. साधारण १३ मिलिलिटर हवा भरतात, रक्त झिरपू लागेपर्यंत हळूहळू काढतात, मग थोडी परत भरतात. नंतर ठराविक वेळाने दोन-तीन मिलिलिटर करत पट्टा रिकामा होतो. आमच्याकडे तो नव्हता. माझ्यापुढे तीन मार्ग होते: माणूस बसवून हाताने दाबत राहणं, गॉजची छोटी घट्ट गुंडाळी नसेवर ठेवून वरून चिकटपट्टी अर्धीच लावणं, किंवा चिकट इलॅस्टिक पट्टीने सगळं मनगट आवळून टाकणं.

मी तिसरा मार्ग घेतला. भीतीपोटी घेतला, दुसरं काही नाही. समोर रक्ताने भरलेला शर्ट होता, घरची दहा माणसं दारात होती, आणि घट्ट पट्टी बघितली की सगळ्यांना, मलाही, बरं वाटतं. तेवढ्यात बांधावर गवत कापताना साप चावलेली एक बाई आली. ती वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, प्रतिविष, तिचा श्वास, यात पावणेदोन तास गेले. काकांकडे कोणी बघावं, काय बघावं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सिस्टर दोनदा डोकावल्या, पट्टी कोरडी दिसली, समाधानाने परतल्या.

मी परत आलो तेव्हा काका म्हणाले, “मुंग्या येऊन रायल्या जी हाताले. मनलं, तुमी कामात हा.”

पट्टीखाली दोन्ही नसा आणि सगळ्या शिरा आवळल्या गेल्या होत्या. पंजा फुगलेला. पट्टी कापली तर आतली सूज चार सेंटिमीटरवरून आठवर गेलेली. बाहेर एक थेंब नाही.

मग कोविडच्या काळात आलेला पल्स ऑक्सिमीटर काढला. काकांच्या अंगठ्याला लावला आणि करंगळीकडची नस माझ्या बोटाने दाबून धरली. अंगठ्याकडची नस चालू असेल तर पडद्यावरची लाट कमी झाली तरी राहते. इथे ती सपाट झाली. करंगळीकडची सोडल्याबरोबर लाट परत आली. म्हणजे पंज्याला रक्त मिळत होतं, पण एकाच वाटेने.

रक्त थांबवण्याच्या नादात नस बंद पाडणं, ही चूक फक्त खेड्यात होते असं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३६ रुग्णांच्या प्रॉफेट अभ्यासात एका गटाला नेहमीसारखं आवळून दाबलं आणि दुसऱ्या गटाला नसेतून रक्त वाहतं राहील इतपतच. चोवीस तासांनी नस बंद झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के होतं, दुसऱ्यात ५ टक्के. भोक बंद राहायला हवं, नस वाहती राहायला हवी. या दोन्हींमधली जागा अरुंद आहे आणि ती डोळ्यांनी कळत नाही, ऑक्सिमीटरने कळते. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही असेल.

दुरुस्ती

गॉजची सुपारीएवढी गुंडाळी नसेच्या भोकावर ठेवली, वरून पट्टी मनगटाच्या निम्म्या घेरापर्यंतच लावली आणि करंगळीकडची बाजू उघडी सोडली. आठ सेंटिमीटरच्या सुजेसाठी रक्तदाब मोजायचा पट्टाच हातावर गुंडाळला. वरचा रक्तदाब तोवर १५६ झाला होता, त्यापेक्षा वीसने कमी म्हणजे १३६ पर्यंत फुगवून पंधरा मिनिटं ठेवला, सावकाश सोडला, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. पूर्ण वेळ ऑक्सिमीटर बोटाला होता. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. दुखणाऱ्याला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण या गोळ्यांवर असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं. काकांची रक्तदाबाची गोळी प्रवासात राहून गेली होती, तीही दिली.

सुजेची कड बॉलपेनने आखली आणि शेजारी वेळ लिहिली. टेपने हाताचा घेर मोजला. मग पंधरा मिनिटाला एकदा, पुढे अर्ध्या तासाला, नंतर तासाला कोण बघणार ते नाव घालून कागदावर लिहिलं. हे सहा वाजताच करायला हवं होतं, तर साप चावलेल्या बाईमुळे काही बिघडलं नसतं.

गोळीचा प्रश्न

नऊ वाजता टिकाग्रेलॉरची वेळ झाली. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. “रगत थांबून नाई रायलं अन् तुमी रगत पातळ करायची गोळी देता? काहून जी?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, मलाही क्षणभर तोच पडला. पण मनगटाचं रक्त मी बोटाने थांबवू शकतो. दोन दिवसांच्या नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर केंद्रात माझ्या हातात फारसं काही उरत नाही. नागपूरच्या कागदावरचा फोन तिसऱ्यांदा लागला, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत तेच सांगितलं: गोळी चुकवू नका, दाबा, बघत राहा. काकूंना मी म्हटलं, “काकू, नळाची तोटी गळत असेल तर आपण तोटी दाबतो, विहीर बुजवत नाही.” त्यांना ते फारसं पटलं नसावं. पण गोळी त्यांनीच काकांच्या तोंडात घातली.

पाठवायचं की ठेवायचं

यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून पंचावन्न किलोमीटर. १०८ ला फोन केला, पण वाटेतला नाला भरून वाहत होता, दोन तास तरी रस्ता नव्हता. अशा वेळी “बघू” म्हणणं धोक्याचं, म्हणून कोणत्या गोष्टी दिसल्या तर नाला असो नसो, लांबच्या रस्त्याने निघायचं, ते आधीच ठरवलं. पेनची रेघ ओलांडून सूज दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली, बोटं आम्ही सरळ करताना कळ आली, बोटं बधिर किंवा गार झाली, किंवा वीस मिनिटं दाबूनही रक्त चालू राहिलं. यातलं एकही दिसलं की निघायचं. बोटं सरळ करतानाची कळ सर्वांत महत्त्वाची. हाताच्या स्नायूंभोवतीचं वेष्टण ताणत नाही, आत रक्त साचत गेलं की स्नायू आणि मज्जातंतू चेपले जातात, आणि वेळेवर चीर देऊन मोकळं केलं नाही तर हात कायमचा जातो. मनगट अजून गरम आहे, ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, म्हणून तेव्हाही निर्धास्त राहता येत नाही.

साडेअकराला नाला उतरला. तोवर सूज रेघेच्या आत होती, बोटं हलत होती, मुंग्या गेल्या होत्या. आम्ही ठेवून घेतलं. हा निर्णय आज मागे वळून बघताना बरोबर वाटतो, पण तो फळला म्हणून बरोबर वाटतो की काय, याची मला खात्री देता येत नाही. माझ्या जागी दुसरं कोणी असतं आणि साडेअकराला पाठवून दिलं असतं, तर मी त्याला चूक म्हटलं नसतं.

परिणाम

सकाळी सूज सहावर आली. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत निळं-हिरवं पसरलं. ते दिसायला भयंकर असतं, पण साचलेलं रक्त पसरत-विरत चालल्याचं ते लक्षण. हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने उतरलं होतं. हात वाचला, स्टेंट वाचला.

महिन्याने काका दाखवायला आले, हाताची बोटं उघडझाप करून दाखवली, दुखत नव्हतं. मी अंगठ्याखाली नाडी बघितली. लागेना. ऑक्सिमीटरची चाचणी केली, लाट सपाट. नागपूरच्या डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत) अंगठ्याकडची नस बंद असल्याचं नक्की झालं. कशाने बंद झाली? कॅथ लॅबमधल्या पट्ट्याने, दुपट्ट्याने, आतल्या सुजेने की माझ्या पट्टीने, हे कोणी सांगू शकत नाही. ती पट्टी पावणेदोन तास होती, एवढं मी सांगू शकतो.

काकांना रोजच्या कामात फरक पडला नाही, म्हणून हे किरकोळ वाटेल. पण पुढच्या अँजिओग्राफीची एक वाट गेली. बायपास करायची वेळ आली तर वापरता येणारी एक नस गेली. मूत्रपिंड बिघडून डायलिसिस लागलं तर त्या मनगटातला मार्गही गेला. हे सगळं मी त्यांना सांगितलं, माझ्या पट्टीसकट. ते ऐकून घेऊन म्हणाले, “हात त हाय ना जी.”

दुसरी वेळ

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी जोरात असताना दुसऱ्या स्टेंटची तारीख आली. या वेळी डावं मनगट. जाण्याआधी काका, काकू आणि मुलाला केंद्रात बसवून मी उलट बाजूने सुरुवात केली: दिवसभर डावा हात काय काय करतो?

यादी वजन या शब्दात बसणारी नव्हतीच. कासरा. बोअरच्या स्टार्टरचा खटका. पऱ्हाटीची बोंडं वेचताना सतत वळणारं मनगट. काळीपिवळीत चढताना दांडीला लटकणं. तंबाखूसाठी तळहात ताणून धरणं (ती सोडवायची होतीच, आता आणखी एक कारण मिळालं). आणि मला कधीच सुचलं नसतं ते काकूंनी सांगितलं: “हे खालून उठतात त डावा हातच टेकवतात.” जमिनीवर बसणारा, शौचाला उकिडवा बसणारा माणूस उठताना तळहात टेकतो, मनगट मागे दुमडतं आणि सगळ्या अंगाचा भार त्या भोकावर येतो. कॉट आणि कमोड गृहीत धरून लिहिलेल्या कागदावर हे कधी येणार?

मग साध्या बोलीत ठरवलं. दोन दिवस डावं मनगट वाकवायचं नाही, टेकायचं नाही, हात दुपट्ट्याच्या झोळीत. आठ दिवस कासरा, वेचणी, मोटारसायकल नाही. सुट्टी झाल्यावर एक रात्र नागपुरात भाचीकडे, मग एसटीने, बसायला जागा मिळेल त्याच गाडीने. रक्त आलंच तर हळद नाही, दुपट्टा नाही, बसून दोन बोटांनी वीस मिनिटं दाबायचं. कुठे दाबायचं ते मुलाच्या मनगटावर पेनने ठिपका काढून दाखवलं आणि त्याच्याकडून माझ्या मनगटावर करून घेतलं. नागपूरच्या डॉक्टरांना उजव्या नसेबद्दल चिठ्ठी दिली आणि पट्टा लावलेला असताना नस चालू आहे का बघावं अशी विनंती केली. तिथल्या सिस्टरांनी ते केलं, एकदा दोन मिलिलिटर हवा कमीही केली, असं मुलाने येऊन सांगितलं.

रक्त आलं नाही. मनगटावर आठाण्याएवढा डाग पडला, तेवढाच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या वेळी सुट्टी एक दिवस लांबवायला हवी होती का? वैद्यकीय दृष्टीने तशी गरज नव्हती. पण पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्याला घरी सोडताना “आज बैल धरू नका” एवढं म्हणणं शक्य होतं, आणि ते म्हणायला योजना, यंत्र, पैसा काहीच लागत नाही. सुट्टीच्या कागदावर मराठीत चार ओळी हव्या होत्या. रुग्णाच्या गावच्या केंद्राला फोन किंवा निरोप आला असता, तर आशाताईंनी दुपारीच घरी जाऊन मनगट बघितलं असतं. दुपट्ट्याच्या पिळाऐवजी दोन बोटांचा दाब गावात कोणाला माहीत असता, तर त्या पाऊण तासात सूज चारवर गेली नसती.

केंद्रातल्या माझ्या बाजूचं तर वर सगळं आलंच आहे. एक राहिलं. त्या रात्री लाट सपाट दिसल्यावर करंगळीकडची नस तासभर दाबून ठेवण्याचा उपाय मला आठवला नाही. नुकतीच बंद पडलेली नस रक्ताच्या वाढलेल्या जोराने कधी कधी उघडते, कॅथ लॅबमध्ये तसं करतात. फुगलेल्या, एकाच नसेवर चाललेल्या पंज्यावर मी ते करायचं धाडस केलं असतं का, माहीत नाही. पण फोनवर विचारायला हवं होतं. फोन हातात होता, आणि मी फक्त गोळीबद्दल विचारून ठेवून दिला.

आता केंद्रात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर गॉजच्या दहा घट्ट गुंडाळ्या तयार असतात आणि ऑक्सिमीटर तिथेच दोरीने बांधलेला आहे. काका दर दोन-तीन महिन्यांनी येतात. आले की आधी डावं मनगट पुढे करतात आणि विचारतात, “हे चालू हाय ना जी?”